सांगून काढलेला फोटो

आमच्या हरीकाकांना अंबरनाथच्या वस्तीत सगळे 'मयतवाले' म्हणतात, आणि या माणसाला त्याचं काहीही वाटत नाही. उलट आवडतं. कुणी नवीन भेटलं की स्वतःच सांगतात, "मी हरिचंद्र. मयताचे फोटो काढतो, जिवंतांचेही काढतो." मी एकदा म्हटलं, काका, निदान क्रम तरी बदला. तर म्हणाले, "जिवंत माणूस दुसऱ्या स्टुडिओत जातो गं, मेलेला माझ्याकडेच येतो." असलं बोलणं! डोकं फिरतं माझं. पण त्यांच्यावर फार वेळ चिडूनही राहता येत नाही, कारण माझ्या बापाचा चेहरा मला त्यांनी दिला. निदान यंदाच्या जानेवारीपर्यंत मी तसंच समजत होते.

हरीकाका आता एकोणसत्तर वर्षांचे आहेत. त्यांच्या वयाची वस्तीतली सगळी माणसं एमआयडीसीत लागली, कुणी केमिकलमध्ये, कुणी इंजिनिअरिंगमध्ये. यांची तब्येत एवढी किडकिडीत की सुपरवायझरनं गेटवरूनच परत पाठवलं. मग विसाव्या वर्षी उल्हासनगरला, तीन नंबर कॅम्पात, पायल फोटो स्टुडिओत झाडूपोछा करायला लागले. मालक सिंधी, त्यांना सगळे साईं म्हणायचे. साईंचे वडील फाळणीत तिकडून आले, लष्कराच्या बराकीत राहिले, आणि निर्वासितांच्या फॉर्मावर फोटो लागतात हे बघून कुठूनतरी एक कॅमेरा मिळवून बराकीबाहेर खुर्ची टाकून बसले. त्या खुर्चीचा पुढे स्टुडिओ झाला. ही हकीकत हरीकाका अशी सांगतात की जणू ते स्वतः तिथं रांगेत उभे होते.

साईंकडे एकच कोट होता. काळा. पाठीवर उभा फाडलेला, म्हणजे कुठल्याही मापाच्या माणसाला पुढून चढवायचा आणि मागून पिना लावायच्या. कॅम्पातला कापडवाला, बदलापूर गावातला भात लावणारा, आमच्या वस्तीतला फिटर, सगळे त्या एकाच कोटात. मागे पडदा, त्यावर जिना, कुंडी आणि लांब कुठेतरी तलाव. आजही आमच्या भागातल्या कुठल्याही जुन्या घरात जा, भिंतीवरचा म्हातारा त्याच कोटात बसलेला सापडेल. आणि कोट सोडा, चेहरा तरी माणसाचा कुठे ठेवायचे? देवीचे व्रण पुसायचे, रंग उजळवायचा, डोळ्यात पांढरा ठिपका टाकायचा म्हणजे डोळा बघतोय असं वाटतं. लग्नासाठी दाखवायच्या मुलीचा फोटो तर इतका गोरापान करायचे की पाहुणे बघायला आले की मुलीलाच विचारायचे, धाकटी बहीण कुठंय? पण लोकांनाही तेच हवं असायचं. स्वतःसारखा दिसणारा फोटो कुणालाच नको होता. तसा आला तर म्हणायचे, नीट नाही आला. हे जरा लक्षात राहू द्या, कारण आमचा सगळा घोटाळा इथंच झाला.

साईंनी वर्षभरात हरीकाकांच्या हातातला झाडू काढून पेन्सिल दिली. निगेटिव्ह काचेवर ठेवायची, खालून उजेड सोडायचा, आणि भिंगातून बघत बारीक टोकाच्या पेन्सिलनं सुरकुत्या, खड्डे, डाग भरत बसायचं. निगेटिव्हवर काळं केलं की फोटोत ते गोरं होतं. हरीकाकांचा हात इतका हलका की साईं म्हणायचे, हा तर मच्छराला पण मेकअप करेल. पुढे साईंनी मयताला जायचं बंद केलं, त्यांना घरी आल्यावर जेवण जात नसे. मग हरीकाका जायला लागले. बसवलेल्या प्रेताचा फोटो घ्यायचा, स्टुडिओत येऊन त्याचे डोळे उघडायचे, नाकातला कापूस काढायचा, वरून कोट. तेराव्याच्या आत माणूस भिंतीवर हजर.

माझे वडील कोंडाजी. मुरबाडकडच्या गावातून आलेले, एका केमिकल कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर होते. अकरा फेब्रुवारी एकोणीसशे नव्वदला तिथला रिॲक्टर फुटला. तिघं गेले, त्यातले एक बाबा. मी दोन वर्षांची. माझी आई, शालन, बावीस वर्षांची. तिला चेहरा बघू दिला नाही, बघण्यासारखा राहिला नव्हता. पांढऱ्या कापडात बांधूनच आणलं आणि तसंच नेलं.

आणि फोटो म्हणाल तर एक नाही. कॉन्ट्रॅक्टवाल्यांना तेव्हा फोटोचा पास नसायचा, पितळी बिल्ला असायचा, त्यावर नुसता आकडा. लग्न सामुदायिक विवाहात झालेलं, चाळीस जोडपी एका मांडवात. फोटो मागाहून पाठवतो म्हणाले, ते अजून येतायत! रेशनकार्डावर फोटो नव्हता, मतदानाचं कार्ड तेव्हा कुणी ऐकलंही नव्हतं. जलदान विधीला भंतेजी येणार, गावाहून माणसं येणार, बुद्धांच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरीशेजारी गेलेल्याचा फोटो मांडतात, आणि आमच्याकडे मांडायला काहीच नाही. आई सारखी एकच म्हणायची, पोरीला उद्या बाप म्हणून दाखवू काय?

ते हरीकाकांच्या कानावर गेलं. न बोलावता आले. दोन दिवस आमच्या दारात वही घेऊन बसले. वहिनी, कपाळ केवढं? रुंद. नाक? सरळ. मिशी? बारीक. गाल भरलेले की बसलेले? कान कसे होते? आता मला सांगा, नवरा जाऊन आठ दिवस झालेली बाई, तिला विचारतायत कान कसे होते. आईनं पदर तोंडावर घेतला आणि म्हणाली, असतात तसे. ते त्यांनी वहीत लिहून घेतलं.

विधीच्या दिवशी सकाळी ते फ्रेम घेऊन आले, कागदात गुंडाळलेली. आईसमोर कागद सोडला. आईनं बघितलं आणि असा हंबरडा फोडला की मागच्या गल्लीतली माणसं धावत आली. फोटो मांडला, हार घातला, मेणबत्त्या लागल्या. माझे चुलते म्हणाले, "कोंडाजी साहेब दिसतोय साहेब!" दुसरं कुणीतरी म्हणालं, स्टुडिओत माणूस असाच दिसतो. झालं. कुणाला काही शंका आलीच नाही. बाप माझा, कोटातला, पडद्यावरच्या तलावासमोर भिंतीवर बसला.

हरीकाकांचं नाव त्या दिवसापासून झालं. 'सांगून काढलेला फोटो' म्हणायचे लोक त्याला. ज्यांच्या माणसाचा एकही फोटो नाही ते शोधत यायचे. उल्हास नदीत वाहून गेलेला नवरा, बाळंतपणात गेलेली सून, परदेशी जातो म्हणून गेला तो गेलाच असा मुलगा. बसायचे, सांगायचे, रडायचे, हरीकाका लिहून घ्यायचे. असे बेचाळीस केले त्यांनी. आकडा त्यांना तोंडपाठ आहे. आणि दर अकरा फेब्रुवारीला इस्त्रीचा शर्ट घालून आमच्याकडे येणार, बाबांच्या फोटोसमोर उभं राहणार, आणि जो कुणी घरात असेल त्याला सांगणार, "वहिनींनी बघितलं आणि जो टाहो फोडला ना, तेव्हा मला कळलं, जमलं. माणूस उगाच असा रडत नाही." दर वर्षी तेच, त्याच शब्दांत. मला पाठ होतं.

मी त्या फोटोसमोर वाढले. दहावीचे मार्क त्याला सांगितले, लग्नाला निघताना त्याच्या पाया पडले, नवऱ्याशी भांडून माहेरी आले तेव्हा चुगल्याही त्याच्याकडेच केल्या. माझा सोहम झाला तर बायका म्हणाल्या, नाक अगदी आजोबांवर गेलंय. मीही हो हो केलं. आता त्याचं हसूही येत नाही.

मी एमआयडीसीत एका कंपनीच्या एचआरमध्ये आहे. गेटपासचे फोटो मीच काढते. कॉन्ट्रॅक्टवाल्यांचेसुद्धा, आणि जबरदस्तीनं काढते. कुणी म्हणालं मॅडम उद्या, तर मी म्हणते आत्ता, बस इथं, इकडे बघ. ऑफिसात हसतात मला. हसू देत.

दरम्यान हरीकाकांचा धंदा गेला. आधी रंगीत लॅब आली, मग कॉम्प्युटर, मग प्रत्येकाच्या हातात मोबाईल. साईं वारले. त्यांच्या मुलानं, मुकेशनं, डार्करूमची भिंत पाडली आणि मोबाईलच्या कव्हरांचं दुकान टाकलं. वाईट माणूस नाही मुकेश. कोपऱ्यात एक स्टूल आणि पांढरा पडदा ठेवलाय, पासपोर्ट फोटोला कुणी आलं तर हरीकाका काढतात. मयताचं तर कुणी विचारतच नाही. पोरं मोबाईलमधला फोटो उचलतात आणि भावपूर्ण श्रद्धांजलीचा बॅनर दुपारपर्यंत चौकात. काकी गेल्या, मुलगी लग्न होऊन नागपूरला. हरीकाकांकडे अभिमान धरायला एकच गोष्ट उरली होती, आमच्या भिंतीवरची.

जानेवारीत आमच्या कंपनीत एक नवीन ऑपरेटर लागला. त्याचे वडील सोमाकाका. ते बाबांबरोबर त्याच प्लांटला होते. स्फोटात त्यांचा हात गेला, म्हणून तेव्हाच गावी निघून गेले होते. आता पोरानं बदलापूरला फ्लॅट घेतला म्हणून म्हातारपणी परत आले. मी कोंडाजीची मुलगी हे कळल्यावर एक दिवस गेटवर येऊन उभेच राहिले. पिशवीतून एक फोटो काढला, इतकी वर्षं पत्र्याच्या पेटीत ठेवलेला, कडा खाल्लेल्या. एकोणनव्वदच्या जयंतीची मिरवणूक, सोळा जण उभे. एकावर बोट ठेवून म्हणाले, "हा मी. शेजारी तुझा बाप."

मी हसले. म्हटलं सोमाकाका, हे नाहीत बाबा, आमच्याकडे त्यांचा मोठा फोटो आहे. म्हातारा असा भडकला! "पाच वर्षं ज्याच्या डब्यात जेवलो त्याला मी ओळखणार नाय?" फोटो उलटा केला. मागे शाईनं सोळा नावं, ओळीनं. सोमा, कोंडाजी.

मग मी नीट बघितलं. कपाळ अरुंद. कान दोन्हीकडे पुढे आलेले. काळासावळा, पुढच्या दातांत फट, आणि जोरात हसतोय. हसताना वरचा ओठ डावीकडे चढलाय. माझा चढतो तसा. शाळेत पोरी मला त्यावरून चिडवायच्या, मी आरशासमोर उभी राहून तो खाली ओढायचा प्रयत्न करायचे, आणि तो ओठ या माणसाचा होता. फोटो चार दिवसांसाठी मागून घेतला आणि रिक्षात बसून मी ढसाढसा रडले. रिक्षावाला म्हणाला, ताई, दवाखान्यात घेऊ का?

त्याच रिक्षात मी ठरवलं. येत्या अकरा फेब्रुवारीला आमच्या भिंतीवर हा चेहरा लागणार. माझी आई पस्तीस वर्षं कुठल्यातरी भलत्याला हार घालतेय आणि तिचा नवरा सोमाकाकांच्या पत्र्याच्या पेटीत पडून आहे. तिला तिचा माणूस परत द्यायचा. बस्स. मला बाकी काही नको होतं.

पहिल्यांदा मोबाईलवरच्या ॲपमध्ये टाकून बघितलं. आमच्या ऑफिसातल्या मनालीनं करून दिलं. त्या ॲपनं दहा सेकंदांत कान आत बसवले, दातांतली फट बुजवली, रंग गोरा केला आणि बाबांचा कुठल्यातरी सिरियलमधला मोठा भाऊ करून टाकला. मनाली म्हणते, "कसले हँडसम होते गं!" मग मी सरळ उल्हासनगरला गेले.

हरीकाका स्टुलावर बसून एका बाईला हनुवटी वर करायला सांगत होते. ती गेल्यावर मी फोटो त्यांच्यापुढे धरला. त्यांनी खिशातून भिंग काढलं. बराच वेळ बघितलं.

"हा कोंडाजी नाही," म्हणाले.

"मागे नाव लिहिलंय."

"नावं चुकतात."

"आणि चेहरा चुकत नाही का काका?"

"वहिनी रडल्या होत्या अस्मिता. माणूस उगाच असा..."

"बास!" मी एवढ्या जोरात ओरडले की मुकेश काउंटरवरून म्हणाला, "क्या हुआ दीदी, आराम से." पण माझा तोल गेला होता. म्हटलं, खरं सांगा, आमच्या घरातला तो माणूस कोण आहे?

मग सांगितलं त्यांनी. मान खाली घालून नव्हे, समजावून सांगितल्यासारखं. नुसतं ऐकून कोऱ्या कागदावर माणूस काढता येत नाही, ते चित्रकाराचं काम. खाली कुणाचातरी चेहरा लागतो. लोक फोटो काढून जायचे आणि न्यायला यायचेच नाहीत, अशा निगेटिव्हची एक पेटी होती साईंकडे. वहिनींनी सांगितलेलं रुंद कपाळ, सरळ नाक बघत त्यांनी त्यातला एक निवडला. गाल पेन्सिलनं भरले, प्रिंटवर ब्रशनं मिशी काढली, त्या प्रिंटचा परत फोटो घेतला. "चार वेळा केलं तेव्हा कुठं वहिनी सांगत होत्या तसा दिसायला लागला," म्हणाले. "कानांचं त्या काही बोलल्याच नाहीत."

"म्हणजे आम्ही एका परक्या माणसाच्या पाया पडतोय पस्तीस वर्षं!"

"परका कसा? वहिनींनी ओळखलं तेव्हा तो कोंडाजीच झाला."

त्यांना राग आला असता तर मला बरं वाटलं असतं, पण ते शांत. म्हणाले, "मी तुला हा करून देतो. मोठा करतो, फ्रेम करतो. दोन्ही वहिनींसमोर ठेवू. कुठला खरा ते त्यांनाच सांगू दे." त्यांना खात्री होती. आणि मलाही होती. कुठली बायको नवऱ्याला ओळखणार नाही?

सोमाकाकांना सांगून फोटो अजून काही दिवस ठेवून घेतला. हरीकाकांनी लॅबमध्ये जाऊन तो स्कॅन करून मोठा करून घेतला, आणि मग स्वतःच्या खोलीत खिडकीशी बसून कागदावरच्या चिरा आणि बुरशीचे ठिपके ब्रशनं एकेक बुजवले. आठ दिवस लागले. मी ऑफिस सुटलं की जाऊन बघायचे, पहारा द्यायलाच म्हणा ना. "कोट घालू?" म्हणाले. म्हटलं, काका, हात लावून बघा! "दातांचं तरी..." राहू दे. "कान थोडे..." राहू दे म्हटलं ना! जे आहे ते तसंच ठेवायचं हे त्या हाताला माहीतच नव्हतं, ब्रश कानाजवळ जायचा आणि ते स्वतःच स्वतःचं मनगट धरायचे. पण जमलं. मी त्यांच्यावर कितीही चिडलेली असले तरी सांगते, एवढा खरा फोटो त्या माणसानं आयुष्यात केला नव्हता. बाबा आता हसत बाहेर पडतील असे दिसत होते.

दहा तारखेला संध्याकाळी आम्ही दोघं आईकडे गेलो. आई मेथी निवडत बसली होती. हरीकाकांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता, जणू अकराच तारीख आहे.

"या हरीभाऊ. एक दिवस आधीच?" आई म्हणाली.

मी फ्रेमवरचा कागद सोडला आणि फोटो तिच्या पुढ्यात, मेथीच्या ताटाशेजारी ठेवला. आईनं पदरानं चष्मा पुसला, वाकून बघितलं.

"बरा हाय," म्हणाली. "कोण हे?"

हरीकाकांनी सुस्कारा टाकला आणि माझ्याकडे बघितलं. जिंकल्यासारखं. ते मला सहन झालं नाही, मी भडाभडा सगळं सांगून टाकलं. सोमाकाका, जयंतीची मिरवणूक, मागे लिहिलेलं नाव, पेटीतली निगेटिव्ह, सगळं. आई हे बाबा आहेत, भिंतीवर आहे तो कुणी भलताच आहे, तुला फसवलंय.

आई दचकली नाही, हेच मला पहिल्यांदा विचित्र वाटलं. ती मेथीच्या काड्या एका बाजूला करत राहिली.

"मला कुणी नाय फसवलं," म्हणाली. "मला त्या दिवशीच माहीत होतं. हरीभाऊंनी कागद सोडला आणि तो नव्हताच. पण माणसं बसलेली, भंतेजी आलेले, तू मांडीवर. नाय म्हटलं असतं तर जागा मोकळी राहिली असती. मी हो म्हटलं."

हरीकाका हळूच म्हणाले, "वहिनी, पण तुम्ही रडलात."

"तो नव्हता म्हणून रडले, हरीभाऊ. त्याचं तोंड बघू दिलं नव्हतं ना मला. तुम्ही दोन दिवस विचारून गेलात, मला वाटलं कागद सोडला की तो दिसणार. शेवटचा एकदा."

हरीकाका खाली बसले. खुर्ची होती, तरी जमिनीवरच बसले.

मी आईच्या गुडघ्याला धरून म्हटलं, मग आता बघ ना! हाच तो. हे कान बघ, हा ओठ बघ, माझाच आहे. नीट बघ आई. तिनं फ्रेम उचलली, खिडकीपाशी नेली. खूप वेळ उभी होती. कानांवरून बोट फिरवलं, दातांवरून फिरवलं. मला वाटलं आता येईल, आता तिला आठवेल.

"असंल," म्हणाली. "तू म्हणतेस तर असंल. पण मला ओळखू येत नाय गं. पहिली दोन-तीन वर्षं डोळे मिटले की तुझा बाप यायचा. मग हाच यायला लागला, भिंतीवरचा. बोलायचा तुझ्या बापासारखा, पण तोंड ह्याचं. आता तू हा आणलास. हा मला कुणी पाहुणा वाटतो." आणि फ्रेम तिनं अगदी जपून परत ताटाशेजारी ठेवली, पाहुण्याची वस्तू ठेवतात तशी.

तिला तिचा माणूस द्यायला निघाले होते मी! एवढी वर्षं गप्प राहून, मन मारून तिनं जो एक नवरा करून घेतला होता, तो मी एका संध्याकाळच्या रागात मोडला, आणि खरा तिच्या हातात दिला तर तो तिच्या उपयोगाचा राहिला नव्हता. सोमाकाका दहा वर्षं आधी आले असते तर? वीस? काय माहीत. माझं मलाच थोबाडीत मारून घ्यावंसं वाटत होतं.

आई भिंतीकडे बघत होती.

"हरीभाऊ, मग हा कोण होता? नाव काय ह्याचं?"

हरीकाकांनी मान हलवली. "पाकिटावर नाव नव्हतं वहिनी. नुसता नंबर."

"गाव तरी?"

"काहीच नाही."

"म्हणजे हा पण गेला," आई म्हणाली, आणि मेथी घेऊन आत गेली.

हरीकाका निघाले. दारात चप्पल घालत होते, अंगठा पट्ट्यात जाईना. मी खाली बसून घालून दिली. माझ्या डोक्यावर हात ठेवावा असं काही त्यांनी केलं नाही. माझ्याकडे बघितलंही नाही.

"अस्मिता," म्हणाले, "अजून एकेचाळीस घरं आहेत. निम्मी तरी इथंच असतील, बदलापूरला, कॅम्पात. तू येशील माझ्याबरोबर? एकेकाला विचारू. त्या दिवशी ओळखलंत, की नुसतं हो म्हणालात. एवढंच विचारायचं."

येते म्हणायला माझं काय जात होतं? एका म्हाताऱ्याला चार शब्द खोटे दिले असते. पण माझी जीभ अशीच आहे.

"काय उपयोग काका? ते तेव्हा हो म्हणाले, आताही होच म्हणतील. तुम्ही दारात उभे असताना नाही कोण म्हणणार?"

त्यांनी इस्त्रीचा शर्ट खाली ओढून नीट केला.

"हो," म्हणाले, आणि कठडा धरून जिना उतरायला लागले.